पाच टक्क्यांचा फरक

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. पण पाहुणा आला की "बसा ना" म्हणून पुढे सरकवतात, तसली नव्हे. माझ्यावर जो बसतो त्याला छातीवरून दोन, कमरेवरून एक आणि मांडीवरून एक असे चार पट्टे आवळून बांधतात. माझ्या बाजूला एक जाडजूड मोटर आहे. मोटरीला लोखंडी दांडा आणि दांड्याच्या टोकाला छोटी गादी. ती गादी बसणाऱ्याच्या घोट्याच्या वर बांधली, की तो पाय झटकून सरळ करतो, मग मागे खेचतो. दांडा मात्र मी ठरलेल्या वेगानंच जाऊ देते. कितीही जोर लावा, वेग तोच. तुमचा तो सगळा जोर मी मोजते आणि समोरच्या पडद्यावर त्याचा आकडा उमटतो. आधी चांगला पाय, मग ऑपरेशन झालेला पाय, आणि शेवटी दोघांतला फरक, टक्क्यांत. एवढंच माझं काम. पण या कामापायी माझ्यासमोर जेवढी माणसं रडली, तेवढी एखाद्या डॉक्टरसमोरही रडली नसतील.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथं तेलाचा वास असायचा आणि पत्र्यावर कबुतरं. माझ्या वायरी जोडणाऱ्याचे हात थरथरायचे, पण वायर हातात आली की ते शांत व्हायचे. सगळ्यात शेवटी एक पोक्त बाई आली. तिनं माझ्या दांड्याला एकच वजन दिवसभर पुन्हा पुन्हा टांगलं आणि मी पुन्हा पुन्हा तोच आकडा सांगितला. तेव्हा कुठं तिनं चष्मा काढून पुसला, वहीत टिक केली आणि "हिला बांधा" असं म्हणून ती जेवायला गेली. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. फार नव्हतं, पण मला पुरलं.

तिथून मी एका मोठ्या रुग्णालयात आले. तळमजल्यावर व्यायामाचा हॉल होता, त्याच्या टोकाला माझी खोली. एका बाजूला खिडकी, खिडकीतून रुग्णवाहिकांची चाकं दिसायची. दुसऱ्या बाजूला दार, आणि दाराबाहेर लगेच मागचा जिना. माझा ताबा ज्यांच्याकडे होता, त्या व्यायामाच्या डॉक्टर होत्या, पण सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचे. बाई बारीक होत्या, आवाज मात्र खणखणीत. पट्टे आवळताना त्या म्हणायच्या, "श्वास घे. सोड. आता कोणावर राग असेल तर तो पायात आण."

मित्रांनो, गुडघ्याच्या आत करंगळीएवढा एक बंध असतो. त्याला लिगामेंट म्हणतात. खेळताना उडी मारून पाय वेडावाकडा पडला, की तो तुटतो. सर्जन मग त्याच खेळाडूच्या मांडीमागून स्नायूची एक दोरी काढतात आणि गुडघ्यात नवा बंध ओवतात. टाके पंधरा दिवसांत सुकतात. पण मांडी बघता बघता वाळते, आणि ती पुन्हा भरायला महिनेच्या महिने लागतात. खेळाडूला वाटतं, आता दुखत नाही म्हणजे आपण बरे झालो. झालो की नाही, ते मी सांगायचे. फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर खेळा, जास्त असेल तर घरी जा. असा संघांच्या कार्यालयाचा नियमच होता.

खेळाडू मला 'सलूनची खुर्ची' म्हणायचे. "चला, आज माझी बिनपाण्याची होणार," असं म्हणत आत यायचे. बाहेर पडताना काही जण माझ्या पाठीवर हात फिरवायचे, काही जण मला लाथ घालायचे. त्या लाथाही मी मोजल्या असत्या, पण त्या दांड्यावर बसत नसत. सर्जन पाहुण्यांना घेऊन यायचे आणि म्हणायचे, "मी फक्त कापतो. खरं काय ते ही सांगते." तेव्हा मला कोण अभिमान वाटायचा! नऊ वर्षं मी तशीच मिरवत होते.

मग एके दिवशी शिडी आली.

शिडी म्हणजे एक मुलगी. व्हॉलीबॉल खेळायची. इतकी उंच, की तिच्यासाठी माझी पाठ शेवटच्या खाचेपर्यंत मागे सरकवावी लागली. संघातल्या मुलींनी हे नाव ठेवलं होतं आणि तिलाही ते आवडायचं. जाळ्याजवळ उडी मारून खाली येताना तिचा डावा गुडघा गेला होता. ऑपरेशनला तीन महिने झाले होते. तिच्याबरोबर तिची धाकटी बहीण होती, शाळेच्या गणवेशात, आणि मामा होते. मामा म्हणजे तिच्या आईचे भाऊ आणि संघाचे प्रशिक्षकही. वडील दोघी मुली लहान असतानाच वारले होते. मामांनीच त्यांना सायकल शिकवली, पोहायला शिकवलं, आणि चेंडू हातात दिला. मामा खोलीत आले की खोली भरून जायची. ते बाईंना हसवायचे, दारावरच्या शिपायाला हसवायचे, मलाही म्हणाले, "काय गं खुर्चीबाई, आमच्या पोरीला फार छळू नकोस."

उजव्या पायाचा आकडा आला एकशे ऐंशी. डाव्याचा शहाण्णव. फरक सत्तेचाळीस टक्के.

मामा पडद्याकडे बघत राहिले. मग हसूनच म्हणाले, "म्हणजे अर्धी शिडीच राहिली की."

धाकटी खुदकन हसली. शिडीही हसली. पण तिच्या घोट्यावरचा पट्टा अजून बांधलेला होता, आणि तिचा पाय थरथरत होता ते मला कळत होतं.

सहाव्या महिन्यात ती पुन्हा आली. या वेळी मामांनी संघातल्या चार-पाच मुलींनाही आणलं होतं. "बघू दे त्यांनाही, मेहनत न केल्यावर काय होतं ते." बाई म्हणाल्या, "ही तपासणी आहे, तमाशा नाही." पण मामांनी हात जोडून, गोड बोलून त्यांना गप्प केलं. सगळ्यांसमोर शिडीनं पाय मारले. उजवा एकशे चौऱ्याऐंशी, डावा एकशे छत्तीस. फरक सव्वीस टक्के. तीन महिन्यांत तिनं डाव्या पायाचा जोर जवळजवळ दीडपट केला होता. बाईंच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"लंगडी," मामा म्हणाले. तेवढंच.

त्या दिवसापासून मुली तिला शिडी म्हणेनाशा झाल्या. हॉलमध्ये ती व्यायामाला आली, की कुठून तरी हळूच हाक यायची, "ए लंगडी." धाकटीनंही एकदा ती हाक मारली. ते मी स्वतः ऐकलं.  मांडीवर वाळूची पिशवी बांधून शिडी पाय उचलत राहिली.

नवव्या महिन्यात मोठी स्पर्धा होती. तिच्या पंधरा दिवस आधी बाईंनी सहज म्हणून तिला माझ्यावर बसवलं. उजवा एकशे शहाऐंशी, डावा एकशे छप्पन्न. फरक सोळा टक्के.

"अजून दोन-अडीच महिने," बाई म्हणाल्या. "ही स्पर्धा सोड. पुढच्या सगळ्या खेळशील."

मामांनी मान डोलावली. "बाई म्हणतात ते बरोबर," म्हणाले. "पण कार्यालयाची शेवटची तपासणी सोमवारी आहेच. नियमाप्रमाणे होऊन जाऊ दे."

सोमवारी सकाळी बाई वरच्या मजल्यावर सर्जनबरोबर फेरीला गेल्या होत्या. माझी खोली रिकामी होती. तेवढ्यात दाराबाहेरच्या जिन्यावर पावलं वाजली. पावलं म्हणजे एकच पाऊल. धप. धप. धप.

"पायरी सोडू नकोस. फक्त उजव्या पायावर," मामांचा आवाज आला. "वर जा, खाली ये. मोजत राहा."

"मामा, कशाला पण?"

"तुला खेळायचंय ना?"

"हो."

"मग चांगल्या पायाला जरा मस्ती आलीय, ती उतरव. फरक दोघांतलाच बघतात ना ते? डावा वर जात नसेल, तर उजवा खाली आण. साधं गणित आहे."

 शिडी मोजू लागली. एक, दोन, तीन. पन्नासनंतर तिला धाप लागली. शंभरनंतर ती कठड्याला धरून उड्या मारत असावी, कारण कठडा कुरकुरत होता. मामा मधून मधून म्हणत होते, "शाब्बास! माझी वाघीण! अजून थोडं." दीडशेच्या पुढे ती रडत मोजत होती. दोनशेला मामा म्हणाले, "तोंड धू. कुणाला काही बोलायचं नाही. आईलाही नाही."

मित्रांनो, मी हे सगळं ऐकत होते. पण मला तोंड नाही. मला फक्त आकडे येतात.

बाई आल्या, कार्यालयाचा माणूस आला, शिडी बसली. तिच्या उजव्या मांडीला मी टेकले होते. ती मांडी तापलेल्या इस्त्रीसारखी गरम होती. तिनं पाय मारले. उजवा एकशे साठ. मग डावा, एकशे बावन्न. फरक पाच टक्के.

"पास," कार्यालयाचा माणूस म्हणाला. त्याच्या कागदावर फक्त टक्क्यांचा रकाना होता.

बाई मात्र पडद्यासमोरून हलल्या नाहीत. त्यांनी आधीची तपासणी उघडली. एकशे शहाऐंशी. आजची एकशे साठ. बंध तुटलेला पाय मधल्या दिवसांत सुधारला नव्हता. उलट चांगला पायच खचला होता. त्यांनी कार्यालयाच्या माणसाला आणि मामांना चहाला पाठवलं, दार लोटलं आणि शिडीकडे वळल्या.

"उजव्या पायाला काय झालं?"

"काही नाही, बाई. काल जरा ताप होता."

"ताप एका पायाला येतो?"

शिडीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तिनं पट्ट्यांतूनच हात काढून बाईंचा हात धरला. "बाई, सही करा. तुमच्या पाया पडते. तीन महिने लंगडी म्हणून घेतलंय मी. घरी कुणी नीट बोलत नाही माझ्याशी. ही एक स्पर्धा खेळू द्या, मग तुम्ही सांगाल तेवढे महिने बसते."

 बाईंना दया आली. मित्रांनो, बाई वाईट नव्हत्या, म्हणूनच हे झालं. दुष्ट असत्या तर त्यांनी नियमावर बोट ठेवून तिला घरी पाठवलं असतं. त्यांनी तिचे डोळे आपल्या रुमालानं पुसले आणि सही केली.

पुढचं मी नंतर लोकांच्या तोंडून ऐकलं. दुसऱ्याच सामन्यात, तिसऱ्या डावात, शिडी उडी मारून डाव्या पायावर उतरली. नवा बंध तुटलाच, शिवाय गुडघ्यातल्या दोन्ही गाद्या फाटल्या. तिची किंकाळी वरच्या रांगेपर्यंत ऐकू गेली म्हणे. मामांनी हाताच्या खुणेनं बदली खेळाडू बोलावली आणि सामना पुढे सुरू केला. संघ जिंकला.

महिन्याभरानं माझ्याच खोलीत चौकशी भरली. संघांच्या कार्यालयाचे सचिव आले, सर्जन आले, बाई आल्या, मामा आले. शिडी दोन्ही काखांत कुबड्या घेऊन आली. दारात धाकटी उभी होती. तिच्या अंगावर संघाचा नवा कोरा शर्ट होता. मामांनी तिला त्याच आठवड्यात लहान मुलींच्या संघात घेतलं होतं.

सचिवांनी एक तंत्रज्ञ आणला होता. त्यानं माझ्या दांड्याला ओळखीची वजनं टांगली. मी ओळखीचे आकडे सांगितले.

"यंत्र ठीक आहे," तो म्हणाला.

"आज ठीक आहे," मामा म्हणाले. "त्या दिवशी ठीक असेल कशावरून? जुनं धूड आहे. आमच्या पोरीचं वाटोळं झालं हिच्यापायी." आणि त्यांनी खरोखर डोळे पुसले. ते नाटक नव्हतं. तेवढ्यापुरतं त्यांना ते खरं वाटत होतं.

सचिव शिडीकडे वळले. "तू सांग. त्या दिवशी दोन्ही पायांनी पूर्ण जोर लावला होतास? तपासणीआधी काही श्रम केले होतेस?"

शिडीनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी नजर खिडकीकडे नेली. तिनं मामांकडे पाहिलं. मामा हलकेच म्हणाले, "सांग बेटा, खरं ते सांग," आणि बोलता बोलता त्यांनी दारातल्या धाकटीला जवळ बोलावून तिच्या खांद्यावर हात ठेवला. शिडी त्या हाताकडे बघत राहिली.

"पूर्ण जोर लावला होता," ती म्हणाली. "श्रम काही केले नव्हते."

"म्हणजे यंत्राचाच घोळ."

"हो."

 नऊ वर्षं ज्यांनी मला पाहुण्यांसमोर नाचवलं, त्या सर्जननी घड्याळात पाहिलं आणि पुढच्या ऑपरेशनला निघून गेले. माझ्या पाठीवर एक पिवळा कागद चिकटवला: 'सदोष. वापरू नये.' दोन माणसांनी मला ढकलत तळघरात नेलं. तिथं मोडक्या खाटा होत्या, फुटकी कमोडं होती आणि छतातून ठिबकणारा पाइप होता. दोन वर्षं तो पाइप माझ्या डाव्या हातावर ठिबकत राहिला. गादीला बुरशी आली. एका उंदरानं मांडीच्या पट्ट्यात पिल्लं घातली. मला त्या उंदराचा राग आला नाही. माझ्यावर कुणी तरी आपण होऊन बसलं होतं.

मग एक दिवस तळघराचं दार उघडलं आणि बाई आत आल्या. त्यांचे केस बरेच पिकले होते. रुग्णालय सोडून त्यांनी स्वतःची छोटी जागा घेतली होती, औषधाच्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांची. भंगारात निघालेल्या मला त्यांनी मागून घेतलं. पिवळा कागद त्यांनी नखानं खरवडून काढला. गादी बदलली, पट्टे बदलले, वजन टांगून पाहिलं. आकडा बरोबर आला, तशा त्या माझ्या शेजारी स्टुलावर बसून रडल्या. मला वाटलं, आता माफी मागतील. पण माफी माझी मागायचीच नव्हती.

जिची मागायची होती, ती सहा महिन्यांनी जिना चढून आली. शिडी. तिच्या डाव्या पायाचा गुडघा आता पुरता वाकत नव्हता. प्रत्येक पायरीवर तिला तो बाजूनं फिरवून ठेवावा लागे. एका शाळेत ती मुलांना खेळ शिकवत होती, कडेला उभी राहून. तिनं एका हातानं धाकटीला धरून आणलं होतं, जवळजवळ ओढत. धाकटी आता तिच्या कानाएवढी झाली होती.

"बाई, हिचाही गेला," शिडी म्हणाली. "उजवा. ऑपरेशनला आठ महिने झालेत. परवा मी घरी गेले, तर ही जिन्यावर उड्या मारत होती. डाव्या पायावर. शंभर झाल्या होत्या."

बाईंनी माझ्या पट्ट्यांना हात घातला.

"हिचे दोन्ही पाय मोजा," शिडी म्हणाली. "आत्ता. दमायच्या आधी."

धाकटी कपाळाला आठ्या घालून बसली. पण खेळाडू ती. दांडा पायाला बांधल्यावर तिला राहवेना. तिनं दोन्ही पाय जीव खाऊन मारले. डावा एकशे नव्वद, उजवा एकशे पन्नास. फरक एकवीस टक्के.

"बघ," शिडी म्हणाली. "हे खरंय. या पायावर खेळलीस तर माझ्यासारखी होशील. मामांनी माझ्याकडूनही हेच करून घेतलं होतं. मी चौकशीत खोटं बोलले. तुझं नाव संघातून जाऊ नये म्हणून बोलले."

धाकटीनं स्वतःच पट्टे सोडले. उठून उभी राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून तो जास्त लागला.

"मामा म्हणालेच होते, ताई असं काहीतरी सांगायला येईल. तुझा गेला, म्हणून माझाही जावा, असंच ना? अडीच वर्षं तू माझी मॅच बघायला आली नाहीस. आज बरी आलीस." दारात थांबून ती म्हणाली, "गुरुवारी माझी तपासणी आहे. तेव्हा पाच येईल. लंगडे."

तिची पावलं जिन्यावरून खाली गेली. शिडी तिच्यामागे जाऊ शकली नाही. तो जिना उतरायला तिला फार वेळ लागायचा.

मग शिडीनं बाईंना विचारलं, "माझे जुने आकडे आहेत हिच्या पोटात?"

होते. एकही मी पुसला नव्हता. बाईंनी चारही तपासण्यांचे कागद छापून काढले आणि टेबलावर ओळीनं मांडले. शिडीनं कोऱ्या कागदावर लिहायला घेतलं. जिना, दोनशे उड्या, कोण काय म्हणालं, सगळं. खाली सही केली आणि कागद बाईंपुढे सरकवला.

"तुम्हालाही लिहावं लागेल, बाई. तुम्ही बघितलं होतं."

"मी लिहिलं तर माझं काम जाईल," बाई म्हणाल्या.

"माझा पाय गेलाय."

बाईंनी पेन घेतलं. 'मला फरक दिसला होता. तरी मी सही केली.' एवढ्या दोन ओळी लिहायला त्यांना अर्धा तास लागला.

बुधवारी ते सगळे कागद कार्यालयात गेले. त्यानंतर काय झालं ते सांगते. धाकटीची तपासणी रद्द झाली आणि ऑपरेशनला पूर्ण वर्ष होईपर्यंत तिला खेळायला बंदी आली. त्या वर्षीची निवड तिच्या हातची गेली. तिच्या जागी दुसरी मुलगी गेली आणि ती पुढे मोठ्या संघात पोचली. बाईंना संघांच्या कुठल्याही तपासणीवर सही करायला मनाई झाली. आता त्या म्हाताऱ्या माणसांचे खांदे आणि कंबरा बघतात. मामांना काढलं असेल असं तुम्हाला वाटेल. काढलं नाही. त्यांना दुसऱ्या गावच्या संघावर पाठवलं. निरोप समारंभात त्यांनी सगळ्यांना हसवलं म्हणे. कार्यालयाच्या फॉर्मवर मात्र दोन नवे रकाने आले. एक उजव्या पायाच्या आकड्याचा, एक डाव्याच्या. यंत्र निर्दोष होतं, असं मात्र कुणीही कुठंही लिहिलं नाही.

ऑपरेशननंतर चौदाव्या महिन्यात धाकटी पुन्हा आली. या वेळी आईनं पाठवलं होतं. आई इस्त्रीच्या दुकानात उभी राहून काम करते, तिला येता आलं नाही. धाकटी एकटीच आली आणि माझ्यावर बसली. मी मोजलं. डावा एकशे पंच्याण्णव, उजवा एकशे एक्याण्णव. फरक दोन टक्के. इतके सुंदर दोन पाय मी उभ्या आयुष्यात मोजले नव्हते. पडद्यावर दोन आलेख एकावर एक बसले होते, जणू एकाच हातानं काढलेले.

बाईंनी स्वतःच्या दवाखान्याचा फॉर्म भरायला घेतला. "अडीअडचणीला कुणाला कळवायचं?"

"आईला."

"आई कामावर असते, फोन उचलत नाही. आणखी एक नाव लागतं." बाईंनी पेन कागदावर टेकवलं. "ताईचं लिहू?"

धाकटी बुटाची नाडी बांधत होती. तिनं मान वर केली नाही.

"नको. ती जागा रिकामी ठेवा. घरात आई आणि मी, दोघीच असतो."

बाईंनी ती जागा रिकामी ठेवली. धाकटी दोन-दोन पायऱ्या उतरत जिन्यानं गेली. तिचे दोन्ही गुडघे अगदी ठणठणीत होते.

मित्रांनो, मी आता फार चालणार नाही. मोटरीतून जळका वास येतो, आणि माझे सुटे भाग कुठं मिळत नाहीत. म्हणून एवढं सांगते. कधी पडलात, पाय मोडला, आणि कुणी तुम्हाला माझ्यासारखीवर बसवलं, तर दोन्ही पाय पूर्ण जोर लावून मारा. आकडा वाईट आला तर येऊ द्या, रडा, मला लाथ घाला. पण तुमच्या शेजारी उभं राहून कुणी चांगला पाय दमवायला सांगत असेल, मग तो कितीही जवळचा असो, कितीही गोड बोलो, त्याचं ऐकू नका. आणि कुणी धावत येऊन तुम्हाला अडवलं, तर निदान त्याच्यासाठी दार उघडं ठेवा. ज्याचा गुडघा वाकत नाही, त्याला जिना चढून यायला वेळ लागतो.